आधी रस्ता, मग आकाश

छोटी विमानं, मोठं आकाश : लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण मॉडेलमधल्या छोट्या टर्बाइनचं काम पाहिलं. आता त्या टर्बाइनवर उडणाऱ्या सगळ्यात मोठ्या मॉडेलांकडे, म्हणजे प्रवासी विमानांच्या प्रतिकृतींकडे वळू. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये हा छंद चांगलाच रुजला आहे. इंग्लंडमधल्या कॉसफर्डच्या हवाईदल तळावर लार्ज मॉडेल असोसिएशनचा मेळावा भरतो, तिथे अशी विमानं उडताना बघायला हजारो लोक येतात. त्यांना दिसतं ते सहा-आठ मिनिटांचं उड्डाण. त्यामागे विमान सांभाळण्याचं, वाहून नेण्याचं आणि सजवण्याचं जे काम असतं, ते या लेखात पाहू. माझं मत आधीच सांगतो : मोठ्या एअरलायनरचा आराखडा रस्त्यापासून सुरू होतो. ते गाडीत कसं जाणार हे ज्यानं आधी ठरवलं नाही, त्याचं विमान कितीही सुंदर असलं तरी घरात पडून राहतं.

आकार डोळ्यांपुढे यावा म्हणून एक उदाहरण घेऊ. एअरबस ए-३८० चा पंखविस्तार जवळजवळ ८० मीटर आणि लांबी ७२.७ मीटर आहे. १:१५ प्रमाणात मॉडेल केलं तर पंख ५.३ मीटर, लांबी ४.८५ मीटर आणि जमिनीपासून शेपटीच्या टोकापर्यंतची उंची १.६ मीटर भरते. म्हणजे शेपटीचं टोक जवळजवळ माणसाच्या उंचीवर. लांबी पंधरा पट कमी झाली की वजन पंधराच्या घनानं, म्हणजे ३,३७५ पटींनी कमी व्हायला हवं. खऱ्या विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन ५७५ टन धरलं, तर मॉडेलच्या वाट्याला १७० किलो येतात. एवढं वजन कोणी घेत नाही. मॉडेल त्याच्या निम्म्याहून हलकं ठेवण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट चालते, आणि त्यामागे सुरक्षिततेइतकंच सौंदर्याचंही कारण आहे.

प्रमाण कमी केलं की वेग मात्र त्याच हिशेबात कमी होत नाही, तो वर्गमुळानं उतरतो. खरं ए-३८० उतरताना ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगानं येतं, म्हणजे सेकंदाला साधारण स्वतःच्या एका लांबीएवढं अंतर कापतं. १:१५ चं मॉडेल वजनातही काटेकोर प्रमाणात असेल, तर ते ताशी ६७ किलोमीटरनं येईल. हा वेग सेकंदाला त्याच्या जवळजवळ चार लांब्यांएवढा झाला. १:५० चं मॉडेल सात लांब्या पळेल आणि चिमणीसारखं भुर्रकन नजरेआड होईल. म्हणून मॉडेल जितकं मोठं, तितकं ते खऱ्यासारखं, संथ आणि भारदस्त उडतं. त्यातही वजन निम्म्यावर आणलं तर वेग आणखी तीस टक्क्यांनी उतरतो. मोठं आणि हलकं या दोन्ही अटी एकदम सांभाळणं, हेच या छंदातलं सगळ्यात अवघड काम आहे.

आता हे साडेचार-पाच मीटरचं धड न्यायचं कशातून? मोठ्या व्हॅनच्या मागच्या भागाची लांबी चार ते साडेचार मीटर असते. एकसंध धड त्यात बसत नाही. त्यामुळे कागदावर पहिली रेघ पडते ती धड कुठे कापायचं याची. फायबरग्लासचं धड साच्यातून काढताना ते दोन किंवा तीन तुकड्यांत करतात. प्रत्येक जोडावर दोन्ही बाजूंना प्लायवूड किंवा कार्बन फायबरची कडी बसवतात, नेमक्या जागेसाठी खुंट्या आणि आवळायला बोल्ट असतात. जोड पंखांच्या पुढे आणि मागे येतात. मधल्या तुकड्यावर पंख आणि मुख्य चाकं असल्यानं सगळ्यात जास्त ताण त्यावर येतो, म्हणून तो अखंड ठेवलेला बरा. पंख धडातून आरपार जाणाऱ्या कार्बनच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळीवर सरकवतात. आडवी आणि उभी शेपूट वेगळी निघते. काही जण पंखही इंजिनापाशी दोन तुकड्यांत करतात, पण तिथे पुन्हा वजन वाढतं.

प्रत्येक जोडातून वायरी जातात. एका पंखात फ्लॅप, एलेरॉन, स्पॉयलर हे हलते भाग, चाकं, दिवे आणि इंजिन या सगळ्यांच्या वायरी असतात. त्या सुट्या ठेवल्या तर मैदानावर कोणती कुठे जाते हे शोधत बसावं लागतं आणि एखादी उलटी लागण्याची भीती असते. म्हणून जाणकार सगळ्या वायरी एकाच मोठ्या प्लगमध्ये आणतात, जो एकाच बाजूनं लागतो. डावा आणि उजवा प्लग मुद्दाम वेगळ्या आकाराचा घेतात. नजरेत न भरणारी एवढीशी गोष्ट, पण विमान वाचतं ते अशाच गोष्टींमुळे.

रस्त्यावर विमानाला धोका असतो तो घासण्याचा आणि सततच्या हादऱ्यांचा. धडाच्या गोलाईनुसार कापलेल्या फोमच्या खोबणी लाकडी चौकटीवर बसवतात आणि धड त्यात ठेवून पट्ट्यांनी बांधतात. आधार नेहमी आतल्या बल्कहेडच्या, म्हणजे आडव्या पडद्याच्या, खाली यावा, पोकळ कवचाच्या मध्यावर नाही, नाहीतर शंभर किलोमीटरनंतर तिथे केसासारखी बारीक भेग दिसू लागते. पंख कापडी पिशव्यांत घालून, पुढची कड खाली करून उभे ठेवतात. मागची कड फार पातळ असते, तिच्यावर भार आला की ती वाकते. फ्लॅप आणि एलेरॉन हलू नयेत म्हणून त्यांना फोमचे चिमटे लावतात. मोकळा एलेरॉन दिवसभर थरथरला तर त्याला हलवणाऱ्या सर्व्हो मोटरचे दात खातो, आणि ते बाहेरून दिसतही नाही. टर्बाइनच्या तोंडाला कापडी टोपी आणि मागच्या नळीला बूच हवंच. मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या चक्रात वाळूचा एक खडा गेला तर पाती संपली.

विजेवर चालणाऱ्या मॉडेलांची डोकेदुखी वेगळी आहे. त्यांच्या लिपो बॅटऱ्या पूर्ण भरून नेऊ नयेत. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून, आगरोधक पिशवीत, धातूच्या सुट्या सामानापासून दूर ठेवाव्यात. विमानप्रवासात तर गणित मांडूनच निघावं. सहा सेलची ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २२.२ गुणिले ५, एकूण १११ वॉटतास. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १०० वॉटतासांच्या वरच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. १६० पर्यंतच्या जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या नेता येतात, त्याही हातातल्या सामानात. हीच बॅटरी ८,००० मिलिअँपिअर-तासांची असेल तर ती १७८ वॉटतासांवर जाते आणि प्रवाशाला नेताच येत नाही. म्हणून परदेशी मेळाव्याला जाणारे अनेक जण बॅटरी तिथेच विकत किंवा उसनी घेतात.

मैदानावर पोचल्यावरचा पहिला तास जोडणीचा. बोल्ट आवळायचे, प्लग लावायचे, मग गुरुत्वमध्य तपासायचा. त्यानंतर ट्रान्समीटरची काडी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर उठतो का, हे विमानाच्या मागे उभं राहून डोळ्यांनी पाहायचं. रेडिओचा पल्ला तपासायचा, सिग्नल तुटला तर इंजिन मंद होतं का ते बघायचं. यादी दुसऱ्या माणसानं मोठ्यानं वाचावी आणि मालकानं प्रत्येक गोष्टीला हात लावून उत्तर द्यावं, ही पद्धत मला सगळ्यात पटते. चार टर्बाइनचं मॉडेल पूर्ण ताकदीवर मिनिटाला लिटरभराहून जास्त इंधन पितं, म्हणजे जमिनीवर इंजिन चालू ठेवून विचार करायला सवड नसते.

आता सजावट. इथे हौस आणि भौतिकशास्त्र समोरासमोर येतात. १:१० चं एअरबस ए-३२० घेऊ. लांबी ३.७५ मीटर, धडाची जाडी चाळीस सेंटिमीटर. नुसत्या धडाचा पृष्ठभाग चार चौरस मीटरांच्या आसपास भरतो. प्रायमर, रंग आणि वरचा चकाकीचा थर मिळून अर्धा-पाऊण किलो सहज होतात. त्यातला रंग शेपटीवर किती गेला याला फार महत्त्व आहे. उभी शेपूट गुरुत्वमध्याच्या मागे साधारण १.८ मीटरवर असते आणि नाकात वजन ठेवायची जागा १.४ मीटर पुढे. शेपटीवर १०० ग्रॅम रंग जास्त चढला तर नाकात १३० ग्रॅम शिसं टाकावं लागतं. एका रंगाच्या हट्टापायी विमान जवळजवळ पाव किलोनं जड होतं. म्हणूनच कसलेले कारागीर पांढरा रंग फवारण्याआधी आणि नंतर प्रत्येक तुकडा वजनकाट्यावर ठेवतात, आणि शेपटीवर रंगाऐवजी पातळ फिल्म वापरतात.

आपल्याकडच्या वाचकाला जवळचं उदाहरण म्हणजे एअर इंडियाचं बोइंग ७४७. १९७१ साली पहिलं ७४७, 'एम्परर अशोक', दाखल झालं तेव्हा प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात झरोक्याची कमान रंगवलेली होती. जगातल्या सगळ्या रंगसंगतींत माझ्या मते ही सर्वांत देखणी. मॉडेलवर ती उतरवणं मात्र चिकाटीचं काम आहे. खऱ्या विमानात खिडक्यांमधलं अंतर सुमारे ५१ सेंटिमीटर असतं. १:१३ च्या मॉडेलवर ते ३९ मिलिमीटर होतं, म्हणजे प्रत्येक कमान चार सेंटिमीटरांच्या आत बसवायची. हातानं रंगवणं शक्य नाही, कमानींची पट्टी विनाइलमध्ये यंत्रावर कापून घ्यावी लागते. नाकाजवळ धड दोन दिशांनी वळतं, तिथे विनाइलला चुण्या पडतात, म्हणून तिथल्या कमानी सुट्या सुट्या चिकटवायच्या. आणि इथेच पुन्हा रस्ता आडवा येतो. धडाचा जोड एखाद्या झरोक्याच्या मधून गेला तर प्रत्येक जोडणीत कमान तुटलेली दिसते आणि विनाइलची कड उचकटते. जोड दोन खिडक्यांच्या बरोबर मध्ये आला तर तो नजरेला येतच नाही. म्हणजे रंगसंगती कोणती हे साचा तयार होण्याआधी ठरायला हवं. एअर इंडियाच्या शेवटच्या ७४७ नं २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबई सोडली. ७४७ वरचं हे रूप आता आकाशात पाहायचं तर मॉडेलवरच पाहावं लागेल, म्हणून ते नीटच व्हावं असं मनापासून वाटतं.

टर्बाइनच्या मॉडेलला दोन घटकांचा, हार्डनर घातलेला रंग हवा. केरोसीन आणि त्यात मिसळलेलं तेल साध्या स्प्रेचा रंग मऊ करतं. आपल्या गॅरेजमध्ये गाड्यांना मारतात तो टू-के रंग यासाठी उत्तम, फक्त पेंटरला गाडीसारखे जाड थर मारू नकोस, हे आधी सांगावं लागतं.

कायद्याबद्दल थोडक्यात. जवळजवळ सगळीकडे २५ किलो ही सीमारेषा आहे. ब्रिटनमध्ये त्यावरचं मॉडेल बांधलं जात असतानाच तपासनीस टप्प्याटप्प्यानं पाहतो, कारण धड बंद झाल्यावर आतला जोड दिसत नाही. जर्मनीत अशा प्रत्येक विमानाला स्वतंत्र मंजुरी लागते. भारतात ड्रोन नियम, २०२१ नुसार २५ किलोपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात, छंदासाठी किंवा शिक्षणासाठी उडणारं विमान मॉडेल या व्याख्येत बसतं. हरित क्षेत्रात, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या भागात, ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. मॉडेलही मानवरहित विमानच आहे, त्यामुळे तयार विमान मागवण्याआधी कस्टमकडे लेखी चौकशी करा.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी थेट टर्बाइनकडे जाऊ नये. फ्रीविंगचं एएल-३७ हे दोन डक्टेड फॅनचं, म्हणजे नळीत बसवलेल्या विजेच्या पंख्यांचं, १.८३ मीटर पंखांचं फोमचं विमान घ्या. ते सुटं करून साध्या मोटारीत मावतं आणि हव्या त्या रंगात रंगवता येतं. जुनं मोठं मॉडेल कोणी विकत असेल तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा : आपल्या गाडीचं दार आणि आतली लांबी टेपनं मोजा, मालकाला ते विमान तुमच्यासमोर पूर्ण जोडून पुन्हा सुटं करायला सांगा, आणि तुकडे ठेवायच्या चौकटी किमतीत धरल्या आहेत का ते विचारा. चौकटी नसतील तर त्या तयार होईपर्यंत विमान त्याच्याकडेच राहू द्या.