गुडघ्याएवढा रणगाडा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातल्या कुठल्याही गल्लीत उभं राहा. तान्हा पोळा! पोरंसोरं लाकडी नंदीला दोरी बांधून दारोदार बोजारा मागत निघालेली असतात. त्या नंदीकडे कधी नीट पाहिलंय? शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं, नाकात वेसणसुद्धा! बैलाची एकेक खूण जागच्या जागी. फक्त पायांखाली तेवढी चाकं, कारण लाकडाचा बैल चालत नाही.

पण समजा कुणी हट्टच धरला, की नंदी दिसायलाही बैलासारखा हवा आणि चिखलातून चालायलाही बैलासारखाच हवा, तर?

जगभरात असे हट्टी लोक आहेत. ते बैल नाही, रणगाडा बनवतात. खऱ्याच्या एक षष्ठांश मापाचा, धातूचा आणि हातातल्या रिमोटवर चालणारा. सेंच्युरियनचंच पाहा. 1965 आणि 1971 या दोन्ही युद्धांत आपल्याकडून लढलेला हा रणगाडा तोफेची नळी सोडून सुमारे साडेसात मीटर लांब, तीन मीटर उंच. सहाने भागलं की उरतो सव्वा मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच, म्हणजे तुमच्या गुडघ्याएवढा. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यातल्या एखाद्या घराच्या अंगणात आरामात मावेल.

आणि वजन? खरा सेंच्युरियन सुमारे 51 टनांचा. सहाने भागून साडेआठ टन? तसं असतं तर अंगणाची फरशीच फुटली असती! लांबी सहापट कमी झाली, रुंदीही सहापट आणि उंचीही सहापट. म्हणून वजनाला तीनदा सहाने, म्हणजे 216 ने भागायचं. उत्तर येतं साधारण 236 किलो. कापसाच्या भाषेत दोन क्विंटल छत्तीस. एका भागाकारात 51 टन एका बैलबंडीत मावले! प्रत्यक्षात मॉडेल याहूनही हलकं होतं. टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, तोंडावर खऱ्या रणगाड्याला 152 मिलिमीटर जाड पोलाद असतं. मॉडेलला कुणाचा गोळा झेलायचा नाही, तिथे काही मिलिमीटर ॲल्युमिनियम पुरतं. तरीही असे रणगाडे शंभर किलोंच्या पुढे सहज जातात. खेळणं म्हणून काखेत मारून नेण्याचा प्रश्नच नाही.

एवढं वजन चालतं ते चेनवर. पोकलेनची चेन तुम्ही पाहिली असेल. पण एक गोष्ट बहुधा नजरेतून सुटली असेल: रणगाडा धावत असताना जमिनीला टेकलेली चेन हलतच नाही! ती जमिनीवर पडून असते, रणगाडा तिच्यावरून पुढे सरकतो आणि मागून तिला उचलून पुन्हा पुढे अंथरतो. गाडीचा वेग ताशी 35 किलोमीटर असेल, तर चेनचा खालचा भाग शून्यावर आणि वरचा भाग 70 वर. एकाच चेनच्या दोन बाजू, एक स्तब्ध आणि एक दुप्पट वेगात. आपलाच रस्ता अंथरत, आपणच तो गुंडाळत जाणारी गाडी!

ही कल्पना रणांगणावर जन्मली असं वाटतं ना? ती रुजली शेतात. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळची भुसभुशीत जमीन, तिच्यात रुतणारे अवजड वाफेचे ट्रॅक्टर आणि त्यांना वैतागलेला बेंजामिन होल्ट. आधी त्याने चाकं रुंद केली, मग आणखी रुंद. शेवटी 1904 साली चाकं काढून लाकडी फळ्यांची चेनच चढवली, आणि ट्रॅक्टर सुरवंटासारखा सरपटत चिखल पार करून गेला. ‘कॅटरपिलर’ हे नाव तिथूनच आलं. पुढे असले ट्रॅक्टर युद्धात तोफा ओढू लागले, त्यातून काहींच्या डोक्यात लढाऊ गाडीचा विचार शिरला, आणि 15 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या चिखलात पहिले रणगाडे उतरले. काय बनतंय ते शत्रूला कळू नये म्हणून त्यांना पाण्याच्या टाक्या म्हणायचे. तेच ‘टँक’ नाव चिकटलं.

काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतलेला ज्याने पाहिलाय, त्याला होल्टची तगमग वेगळी समजावून सांगायला नको. चेन काय करते, तर वजन पसरवते. 51 टनांच्या सेंच्युरियनखाली जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम एक किलोच्या आसपास भार येतो. चालत्या बैलाच्या खुराखाली तेवढाच, कधी त्याहून जास्तही दाब पडतो! ज्या वावरात बैलाचं खूर रुततं, तिथे रणगाडा तरून जाऊ शकतो.

मॉडेलची गंमत याच्याही पुढची. वजन 216 पटींनी घटलं, पण चेनचं क्षेत्रफळ 36 पटींनीच घटलं. म्हणजे दाब सहापट कमी. नुसत्या उभ्या माणसाच्या तळव्याखालीही याहून जास्त दाब असतो. त्यामुळे हा छोटा सेंच्युरियन ओल्या रानातून इतका अलगद जातो, की बनवणाऱ्याला चिंता वेगळीच: मागे चेनचे ठसे तरी उमटतील का?

वळायचं कसं? याला स्टिअरिंगने वळणारी चाकंच नाहीत. पण बैलबंडी हाकणाऱ्याला हे कोडं पडणार नाही. आतल्या बैलाला थोपवायचं, बाहेरच्याला पुढे काढायचं, बंडी वळते. मॉडेलमध्ये दोन मोटारी म्हणजे दोन बैल. एक हळू, एक जोरात. आणि एक पुढे, एक मागे केली तर रणगाडा जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरतो. खऱ्या सेंच्युरियनला एकच इंजिन, लढाऊ विमानाच्या इंजिनावरून घडवलेलं, 27 लिटरचं. त्या एकाच इंजिनाकडून हे दोन बैलांचं काम करून घेण्यासाठी गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकांची भलती किचकट रचना करावी लागली. मॉडेलवाल्याचं काम दोन मोटारी आणि एका सर्किटवर भागतं.

आता कोंबडी आठवा. तिला दोन्ही हातांत धरून वरखाली हलवा. अंग हलतं, पण डोकं मात्र हवेत खिळ्याने ठोकल्यासारखं स्थिर! रणगाड्याची तोफही अशीच वागते. खाली खड्डे, वर गाडी डुलतेय आणि नळीचं तोंड निशाणावर. सेंच्युरियनमध्ये हे साधायला जायरोस्कोपची मोठी यंत्रणा होती. मॉडेलमध्ये ते काम नखाएवढी चिप करते, तुमच्या मोबाइलमध्ये असते तशी. तिच्या पोटात सिलिकॉनचे सूक्ष्म काटे सतत थरथरत असतात. गाडी कलली की ती थरथर किंचित बाजूला सरकते, चिप ते ओळखते, आणि मोटर लगेच नळीला उलट दिशेने सावरते. नखाएवढी कोंबडीच ती!

आणि रिमोटचा हुकूम? तो एका लहरीवर टिकून बसत नाही. सेकंदभरात कितीतरी वेळा या लहरीवरून त्या लहरीवर उडी मारतो, म्हणून शेजारचं वायफाय त्याच्या वाटेत येत नाही. लहरी बदलत राहण्याच्या या युक्तीचं एक पेटंट 1942 साली हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी घेतलं होतं. पाणतीर शत्रूला भरकटवता येऊ नये म्हणून त्यांनी 88 लहरी योजल्या. 88 च का? पियानोच्या पट्ट्या तितक्याच!

इथवर गाडी चालू लागली. पण झूल आणि बेगड चढायचंय अजून, आणि मला विचाराल तर खरा ध्यास तिथेच दिसतो. वेल्डिंगचा सांधाच बघा. खऱ्या रणगाड्यावर तो बोटाएवढा रुंद, मॉडेलवर दोन-तीन मिलिमीटर. मग एम-सील मळायचं, शेवयीसारखी बारीक वळी काढायची, सांध्यावर बसवायची आणि पातीच्या टोकाने करंजीच्या मुरडीसारखे ठसे द्यायचे. असे कितीतरी सांधे. नंतर पातळ केलेला गडद ऑइल पेंट खाचेच्या कडेला नुसता टेकवायचा. पुढे हात लावायची गरज नाही. वात जसं तेल ओढते तशी खाच रंग ओढून घेते, आणि वर्षानुवर्षांचं ओघळलेलं ग्रीस पाच मिनिटांत दिसू लागतं.

मग चिखल. इथे मात्र साध्या वाळूने घात होतो. एक मिलिमीटरचा कण एक षष्ठांश जगात सहा मिलिमीटरचा खडा होतो, डोळा लगेच फसवणूक पकडतो. पाणी, वाळू, आग यांना मापाने लहान व्हा म्हणून सांगता येत नाही. पण काळी माती? तिच्यातल्या चिकणमातीचे कण दोन सहस्रांश मिलिमीटरहूनही बारीक असतात. सहापट मोठे मानले तरी डोळ्याला दिसणार नाहीत! आणि ही माती पाण्याने फुगते, वाळली की आक्रसते, भेगाळते. उन्हाळ्यात रानातल्या भेगेत हात जातो. मॉडेलवर किती मोठ्या भेगा पडतील? माझा आवडता चमत्कार हाच. थर जितका पातळ, तितक्या भेगा जवळजवळ आणि बारीक. चेनवर दोन मिलिमीटरचा थर द्या, थेंबभर फेविकॉल घाला, उन्हात ठेवा. भेगांची नक्षी आपोआप मापात उमटते. पाणी, वाळू, आग कशातच जो निसर्ग सवलत देत नाही, तो इथे स्वतःहून लहान होतो. लोहाऱ्याच्या रानातली मूठभर माती विकतच्या कुठल्याही रंगाला ऐकणार नाही.

नकलेसाठी अस्सल पाहायचा असेल तर अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जावं. चिलखती दलाचं केंद्र तिथे आहे आणि 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालयही. दुसऱ्या महायुद्धातल्या माटिल्डापासून भारतात बनलेल्या विजयंतापर्यंतचे रणगाडे हात लांबवला तर लागतील इतक्या जवळून दिसतात. फोटोत सपाट वाटणारा टरेट ओतीव पोलादाचा आहे, त्याचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत आहे, हे तिथे कळतं. चिलखती दलाच्या त्याच केंद्रात एक सेंच्युरियन जपून ठेवलाय. त्याचं नाव ‘फामागुस्टा’. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत 17 पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात होते. जन्म पुण्याचा, वय 21. रणगाडा पेटला तरी ते लढत राहिले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हा रणगाडा पाकिस्तानच्या हाती लागला होता, नंतर तो मायदेशी परतला. एक षष्ठांश मापाच्या धातूवर बारीक कुंचल्याने ते नाव लिहिताना हात कापला नाही, तरच नवल.

सगळं झालं. गुडघ्याएवढा फामागुस्टा ओल्या रानात सोडला, एका ढेकळावर चढला, आणि टुणकन उडाला! 51 टन कधी टुणकन उडतात? रंग हुबेहूब, माती अस्सल, पण हालचालीने घात केला. लांब दोरीचा झोपाळा सावकाश झुलतो, आखूड दोरीचा भराभर. तसंच इथे. लांबी सहापट घटली की डुलणं सहाच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे जवळपास अडीचपट, भराभर होतं. गुरुत्वाकर्षण काही मापाने कमी करता येत नाही.

पण खिशात मोबाइल आहे. सेकंदाला 60 चित्रं घेणारा मोड लावा, जमिनीवर पालथे पडा आणि कॅमेरा चेनच्या उंचीवर धरा. मग तेच चित्रण सेकंदाला 24 चित्रांच्या गतीने बघा. साठ भागिले चोवीस, बरोबर अडीच. पडद्यावर काळ्या मातीतून नाक उचलत एक सेंच्युरियन वर येतो, क्षणभर ढेकळाच्या माथ्यावर तोलून राहतो, आणि अख्ख्या 51 टनांच्या संथ भारदस्तपणाने पुढे झुकतो. तोफेची नळी मात्र जागची हलत नाही.