तळ्याला माशांचं घर हवं

रामटेकला समुद्र नाही, पण पाण्याला तोटा नाही. गडाच्या पायथ्याशी अंबाळा तलाव, जवळच सूर नदीवर इंग्रजी अमदानीत बांधलेला खिंडसी तलाव आणि याच तालुक्यात पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण. पूर्व विदर्भातल्या अशा पाण्यांवर ढीवर समाज पिढ्यान्‌पिढ्या जगत आला. त्यामुळे मासे कुणी धरायचे, कधी आणि किती, हा प्रश्न जितका समुद्रकाठच्या सातपाटीच्या कोळ्यांचा, तितकाच इथल्या ढिवरांचाही आहे.

समुद्रासाठी नियम ठरलेले आहेत. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली; पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. प्रत्येक माशाला निदान एकदा अंडी घालू द्यावीत, हा त्यामागचा विचार. हे वेळेत केलं नाही तर काय होतं, ते कॅनडाने भोगलं. न्यूफाउंडलंडची कॉड मासळी इतकी खालावली की १९९२ मध्ये तिची मासेमारी बंद करावी लागली, हजारोंचा रोजगार गेला आणि बंदी उठायला २०२४ उजाडलं.

तळ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. कटला, रोहू, मृगळ हे मासे वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची वीण घडवली आणि मत्स्यबीज हुकमी मिळू लागलं. तेव्हापासून तळ्याचा ठेका घ्यायचा, बोटुकली सोडायची, मोठी झाली की जाळं टाकायचं, असा व्यवहार रुळला. उत्पन्न वाढलं, पण स्थानिक मासळीचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मरळ घ्या. ती उथळ पाण्यात, पाणवनस्पतींच्या आडोशाला जागा करून अंडी घालते. पिल्लं फुटली की त्यांचा घोळका पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि पालक मासे त्याची राखण करतात. हा आडोसाच गेला तर जाळ्याची भोकं कितीही मोठी ठेवा, मरळ वाढणार नाही. तळ्यांत गाळ भरला, काठाने बेशरम हे तण माजलं, खतं-औषधांचं पाणी उतरलं आणि उपयोगी वनस्पती हटल्या. शिंगी, मांगूर, वाम यांनाही त्याचा फटका बसला.

यावरचा उपाय गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या नवतलावात दिसला. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सहकारी संस्थेला सोबत घेतलं. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या कामाची, हे जुन्या जाणत्यांना ठाऊक होतंच. बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला आणि पावसाळ्यात हायड्रिलासारख्या वनस्पती लावल्या. मग देशी मासे परतू लागले, पक्षीही येऊ लागले. आसपासच्या गावांतल्या स्त्रियांनीही हे काम उचललं.

पण पाणी राखायचं तर त्यावर हक्क हवा. तोतलाडोहाची गोष्ट तेच सांगते. मध्य प्रदेशातल्या पेंच राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या आदिवासींना तिथल्या सरकारने तोतलाडोहाच्या जलाशयात मासेमारीचे ३०५ परवाने दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७ च्या निकालात न्यायालयाने ते परवाने पूर्ण रद्द केले नाहीत, पण अटी घातल्या: फोटोचं ओळखपत्र, ठरलेल्या वाटेनेच ये-जा, काठावर चूल नाही. पुढेही वनखातं आणि मच्छीमार यांच्यातला तंटा मिटला नाही. चोरटी मासेमारी आणि झटापटींच्या बातम्या येतच राहिल्या. ज्याला उद्याच्या मासळीची हमी नाही, तो आजच सगळी ओढून नेतो.

म्हणून तळ्याचा ठेका देताना किती बीज सोडणार, एवढंच विचारून भागणार नाही. बेशरम कोण काढणार, पावसाळ्यात विणीची जागा कोणती राखणार, हेही करारात यायला हवं. आणि ठेक्याची मुदत इतकी हवी, की लावलेल्या वनस्पतींचं फळ लावणाऱ्यालाच मिळेल. या अटी सरकारने घातल्या, तर विदर्भातल्या तळ्यांत मरळ पुन्हा वाढेल.