विजेच्या बोटी आणि सरकारी तिजोरी

पुण्याला नद्या दोन आहेत. परंतु नावेत बसून कचेरीस जाणारा पुणेकर शोधूनही सापडावयाचा नाही. असे असता विजेवर चालणाऱ्या प्रवासी बोटींना सरकारने पैसा द्यावा की न द्यावा, ह्या वादात आपण का लक्ष घालावे? कारण उघड आहे. राज्याच्या तिजोरीत पैसा पडतो तो कोकणच्या खाडीकाठावरून, तसाच पुण्याच्या पेठांतूनही. शिवाय जो प्रश्न आज धक्क्यावर उभा आहे, तोच बसगाडीच्या रूपाने आपल्या दारावरून रोज जात असतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ युनिटे उष्णता साठलेली असते. एक किलो बॅटरीत सहसा युनिटाचा पाचवा हिस्साही नसतो. डिझेलच्या इंजिनात निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते, विजेच्या मोटरीत फारच थोडी. तरीही वजनाच्या हिशेबात बॅटरी पुष्कळच मागे राहते. दुसरी गोष्ट पाण्याच्या विरोधाची. बोटीचा वेग दुप्पट करावयाचा, तर ढोबळ मानाने आठपट शक्ती लागते. म्हणून विजेची बोट शोभते ती जवळच्या पल्ल्यावर, बेताच्या वेगाने, ठरलेल्या दोन धक्क्यांमध्ये. तेथे इंधनाचा खर्च कमी, यंत्राची दुरुस्ती थोडी, धूर नाही आणि पाण्यावर तेलाचा तवंगही नाही. परंतु बोटीची व धक्क्यावरील वीजव्यवस्थेची प्रारंभीची किंमत मात्र भारी. हा प्रारंभीचा भार कोणी उचलावा, एवढाच काय तो वाद आहे.

विरोधकांचे म्हणणे हलके लेखण्यासारखे नाही. ते विचारतात, अलिबागच्या बंगल्यात शनिवार-रविवार घालविणाऱ्यांच्या सुखासाठी सोलापूरच्या विणकराने कर का भरावा? महाराष्ट्रातील वीज आजही मोठ्या प्रमाणावर कोळशापासून होते. मग बोटीचा धूर नाहीसा झाला, की केवळ दुसऱ्या गावी गेला? दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तथापि दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मुंबईचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. लांबी जवळजवळ २२ किलोमीटर, खर्च १७,००० कोटी रुपयांहून अधिक. आणि त्यावरून दुचाकीला किंवा रिक्षाला जाता येत नाही. रस्त्यावर खर्च झाला म्हणजे आपण त्याला सुधारणा म्हणतो, आणि बोटीवर झाला की अनुदान! वास्तविक तर हीदेखील वाटच आहे. मुंबई इलाख्यात सार्वजनिक तरींविषयी कायदा झाला तो १८६८ साली. तेव्हा उतारूंना पलीकडे नेण्याची व्यवस्था ही सरकारने लक्ष घालण्याची बाब आहे, हे तत्त्व काही नवीन नव्हे.

तेव्हा पैसा द्यावा की नाही, ह्यापेक्षा तो कशासाठी द्यावा, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नॉर्वे देशात २०१५ साली ‘आंपेअर’ ही बॅटरीवर चालणारी, १२० मोटारी नेणारी बोट लाविक व ओप्पेडाल ह्या दोन गावांमध्ये सुरू झाली. खाडी ओलांडावयास तिला सुमारे वीस मिनिटे लागत. गावांतील वीजवाहिन्या दुबळ्या, म्हणून दोन्ही धक्क्यांवर मोठ्या बॅटऱ्या ठेवून त्या सावकाश भरण्याची सोय केली. लक्षात घेण्याजोगे हे, की सरकारी रस्तेखात्याने बोट विकत घेतली नाही. स्वच्छ फेरी चालविण्याची चढाओढ लावली आणि जिंकणाऱ्या कंपनीला दीर्घ मुदतीचा ठेका दिला. केरळात २०१७ साली वैकमजवळ ‘आदित्य’ ही ७५ उतारूंची सौर बोट आली, तीही राज्याच्या जलवाहतूक खात्याच्या रोजच्या फेऱ्यांसाठी. २०२३ साली कोचीत जलमेट्रो सुरू झाली. तिच्यासाठी जर्मन सरकारी बँकेचे कर्ज घेतले. परंतु बोटींबरोबर धक्के, तिकिटे व वेळापत्रक ह्यांचाही विचार केला.

हाच धडा पुण्यालाही मिळालेला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएमपीच्या ताफ्यात विजेच्या बसगाड्या आल्या. त्या गाड्या कंत्राटदाराच्या; चालक व दुरुस्ती त्याची; पीएमपी त्याला धावलेल्या किलोमीटरांप्रमाणे पैसे देते व भाडे स्वतः गोळा करते. गाडी आगारात उभी राहिली तर कंत्राटदाराची मिळकतही थांबते. अर्थात ही पद्धत निर्दोष नाही. गाडी रिकामी धावली तरी किलोमीटर भरतातच. म्हणून मोजावयाची ती नुसती धाव नव्हे, वेळेवर पुरी झालेली फेरी.

आता कोकणाकडे वळू. दाभोळ ते धोपावे ही खाडी फेरीबोटीने थोडक्यात ओलांडता येते. ती नसेल तर चिपळूणवरून मोठा वळसा घ्यावा लागतो. घारापुरी बेटावर वीज पोहोचली ती २०१८ साली, समुद्रतळातून नेलेल्या साडेसात किलोमीटरांच्या तारेने. अशा जवळच्या व गरजेच्या वाटा प्रथम निवडाव्यात. गेटवे ते मांडवा हा लांबचा, उघड्या समुद्राचा आणि चांगले भाडे देणाऱ्या उतारूंचा मार्ग. तेथे खाजगी भांडवलाने आधी पुढे यावे. सोलापूरच्या विणकराला उत्तर द्यावयाचे ते हेच, की त्याचा पैसा सहलीला नव्हे, शाळेला, बाजाराला व दवाखान्याला जाणाऱ्यांच्या वाटेला लागेल.

ह्यापुढे अशी योजना वर्तमानपत्रांत वाचाल, तेव्हा किती बोटी घेतल्या हे पाहून थांबू नका. दिवसाला किती फेऱ्या, पावसाळ्यात काय व्यवस्था, धक्क्यावर वीज कोठून, आणि फेरी चुकली तर कोणाचे पैसे कापणार, हे विचारा. ह्या चार प्रश्नांची उत्तरे लेखी करारात असतील, तर करदात्याने पैसा अवश्य द्यावा; नसतील, तर केवळ बोट विजेची आहे म्हणून देऊ नये.