जुनी पिकअप घेताय? आधी वजन करा!

रीलमध्ये दिसतं ते भारीच असतं. चिखलात रुतलेली जीप, मागे दोरखंड आणि पुढे ओढणारा दणकट ट्रक. 2014 पासून गोव्यात भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं. तिथं येणाऱ्या कित्येक जीप घरापासून स्वतःच्या चाकावर येतच नाहीत, त्या ट्रकवर लादून आणतात. कारण साधं आहे. चिखलासाठी बनवलेली गाडी डांबरी रस्त्यावर चालवणं महागातही पडतं आणि धोक्याचंही असतं.

आता आपल्या भंडाऱ्यात या. आपल्याकडची खरी ‘ऑफ-रोड’ गाडी म्हणजे पॉवर टिलर आणि मिनी ट्रॅक्टर. रोवणीच्या दिवसांत बांधीत चिखलणी करायला दोन्हींना मागणी असते. कॉलेज सांभाळून घरच्या टिलरवर चार गावांची कामं घेणारी मुलं तुमच्याही वर्गात असतील. अडचण एकच. लोखंडी चाकं लावलेला टिलर डांबरी रस्त्यावर नेता येत नाही. रबरी चाकं लावून नेला, तरी लाखनीहून साकोलीला पोचेपर्यंत सकाळ रस्त्यातच जाते. मग घरात विषय निघतो, ‘एक जुनी पिकअप घेऊन टाकू का?’

घ्या, पण बापाच्या खिशातले पैसे काढण्याआधी पुढचं वाचा.

ओढायचं की लादायचं?

पहिला निर्णय हाच. मोटार वाहन नियमांप्रमाणे रस्त्यावर ओढता येतो तो नोंदणी झालेला ट्रेलर किंवा बंद पडलेली गाडी. गावातल्या वेल्डरकडून बनवून घेतलेला बिनानंबरचा ट्रेलर पिकअपला जोडून महामार्गावर काढला, तर तो नियमात बसत नाही. अपघात झाला की विम्याचाही प्रश्न येतो. त्यामुळे टिलर किंवा मिनी ट्रॅक्टरसाठी हौद्यात लादून नेणं हाच सरळ मार्ग. मोठा, 40-45 एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो. त्याला पिकअप पुरणार नाही, तो विचार सोडा.

आरसी उघडा, वजाबाकी करा

गाडी किती वजन नेते, हे विकणाऱ्याला विचारू नका. तो ‘दोन टन आरामात जाते’ असंच म्हणणार. आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. समजा, कमाल 2,700 किलो आणि रिकामी 1,500 किलो आहे. म्हणजे उरले 1,200. त्यात टिलर, लोखंडी चाकं, चढवायच्या फळ्या, डिझेलचे कॅन आणि केबिनमधली माणसंही मोजायची.

टिलर साधारण 400 ते 500 किलोचा असतो. 2005 मध्ये आलेला ‘छोटा हत्ती’, म्हणजे टाटा एस, पाऊण टनाचा आहे. त्याला टिलर झेपतो. पण मिनी ट्रॅक्टर 700-800 किलोचा, वर रोटाव्हेटर. इथं छोटा हत्ती संपला. मग सव्वा टनाचा अशोक लेलँड दोस्त किंवा महिंद्राची बोलेरो पिकअप बघावी लागते. हौद्याची लांबी-रुंदीही टेप लावून मोजा. वजन बसलं आणि फाळका बंद झाला नाही, असं नको.

गाडीनं आधी काय वाहिलं?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वैनगंगेची ओली रेती वाहिलेली गाडी वरून रंगवलेली असते, खालून खाल्लेली. गाडीखाली शिरा. चेसिसवर, खास करून मागच्या पाट्यांच्या जोडाजवळ, वेल्डिंग दिसलं की परत फिरा. पाट्यांमध्ये जादा पट्टी टाकलेली असेल, तर गाडी कायम ओव्हरलोड चालली, हे समजा. रेतीच्या केसमध्ये महसूल विभागानं गाडी कधी जप्त केली होती का, दंड बाकी आहे का, तेही विचारा.

दुसरं, पूर. ऑगस्ट 2020 च्या शेवटी भंडाऱ्यात शिरलेलं पाणी कोण विसरेल? त्याआधीची गाडी असेल, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, डॅशबोर्डखाली बोटं फिरवा. वाळलेला गाळ सापडला, तर वायरिंग कधीही दगा देईल.

मिस्त्री सोबत न्या

इंजिन थंड असतानाच बघायला जा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल, तर शंका घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सुरू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडल्यावर जोरात वाफ आली, तर इंजिन कामाला आलंय. हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक, नुसतं घुरघुरत राहिलं तर क्लचप्लेटचा खर्च धरा. चालवताना मागून घूं असा आवाज आला, तर क्राऊन बघायला लावा. 1 एप्रिल 2020 नंतरची गाडी बीएस-6 असते. तिचे सेन्सर तपासायला स्कॅनर लागतो. तो तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी कुणाकडे आहे, हे आधी शोधा.

कागद आणि वय

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. फिटनेस, विमा, कर्जाचा बोजा, सगळं समोर येतं. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. हा खर्च विसरू नका. मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30, बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म 35. गाडी छत्तीसगडची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हवीच. ‘नाव नंतर करू’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्या. विकत घेतल्यापासून 30 दिवसांत एमएच-36 च्या कार्यालयात अर्ज गेला पाहिजे.

आता तुमचं वय. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. पण कायद्याचं कलम 4 तसंच आहे. मालवाहू गाडीसाठी वय 20 पूर्ण हवं. एकोणिसाव्या वर्षी बोलेरो पिकअप चालवताना काही झालं, तर सगळा भार घरावर येतो. आणि रोवणीच्या बाया हौद्यात बसवून नेणं, हे तर मुळीच नको. ‘सगळेच नेतात’ हे उत्तर दवाखान्यात उपयोगी पडत नाही.

चढवताना जीव सांभाळा

हौदा पाऊण मीटर उंच असेल, तर फळ्या निदान तीन मीटरच्या हव्यात. आखूड फळीवर मिनी ट्रॅक्टर पुढून चढवला, तर तोंड वर उचलून उलटू शकतो. टिलर उतरवताना बाजूच्या क्लचला हात लावू नका. उतारावर डावा दाबला की टिलर उजवीकडे वळतो, आणि तिथंच माणूस सापडतो. वर नेल्यावर चाकांना ओंडके, चार कोपऱ्यांना पट्टे. नुसता दोर पुरत नाही.

शेवटचा हिशेब

वहीत दोन रकाने करा. एकात वर्षभरात मशीन किती दिवस गावाबाहेर जाईल आणि तेवढ्या दिवसांचं भाड्याच्या पिकअपचं भाडं. दुसऱ्यात हप्ता, विमा, फिटनेस, टायर आणि मिस्त्री. नुसत्या रोवणीपुरती गाडी लागणार असेल, तर भाड्याचीच स्वस्त पडेल. उन्हाळी धान, भाजीपाला, तुमसरच्या बाजारात धानाच्या फेऱ्या अशी बाराही महिने कामं जमत असतील, तर घ्या. किंवा गावातल्या तिघांनी मिळून एक घ्या, मालकी आणि खर्चाचं लेखी करून.

आणि पहिल्याच गाडीवर भाव ठरवू नका. चार गाड्यांखाली झोपून बघितल्याशिवाय पाचवी कशी आहे, ते कळत नाही.