मिक्सर: मोडण्यासाठीच ठेवलेले भाग

मिक्सर उलटा केला की तळाला एक लहानसे बटण दिसते, बहुधा लाल. वर्षानुवर्षे मिक्सर वापरणाऱ्या कितीतरी घरांत ते कुणाच्या नजरेलाही पडलेले नसते. सुक्या खोबऱ्याची चटणी वाटताना यंत्र एकाएकी गप्प होते, ‘मोटर जळली’ असे घरात जाहीर होते आणि मिक्सर पिशवीत घालून दुकानात नेला जातो. दुकानदार तो उलटा करतो आणि बटण दाबतो. भांड्यात माल जास्त झाला की मोटर अडते, जादा करंट खेचते आणि तापते. ती जळण्याआधी हे ओव्हरलोडचे बटण उडते व वीज तोडते. प्लग काढून मिक्सर थंड होऊ द्यायचा, भांड्यातला माल कमी करायचा, बटण आत दाबायचे. दुरुस्ती झाली.

मिक्सरची सारी घडणच या धोरणावर उभी आहे. मोटर महाग, म्हणून तिच्या आधी बळी जाणारे स्वस्त भाग मुद्दाम कच्चे ठेवलेले असतात. ते कोणते हे ज्याला ठाऊक, त्याच्या घरातला मिक्सर सहसा मरत नाही.

या यंत्राचा आपल्याकडचा जन्मही एका बिघाडातूनच झाला. १९६३ च्या सुमारास मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर बंद पडला. युरोपी स्वयंपाकघरासाठी बनवलेल्या त्या यंत्राला आपले ओले-सुके वाटण झेपण्यासारखे नव्हते आणि इथे तो दुरुस्त करून मिळण्याचीही सोय नव्हती. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांनी आपल्या मसाल्यांना पुरून उरेल अशा दमदार मोटरचा मिक्सर घडवला. तोच ‘सुमीत’. पुढे अनेक घरांत कोणत्याही मिक्सरला सुमीतच म्हणत.

त्याआधी पाटा-वरवंटा होता, आणि त्यालाही दुरुस्ती लागतच होती. पाटा गुळगुळीत झाला की वाटण नुसते घसरते. मग छिन्नी-हातोडा घेऊन दारावर येणाऱ्या बाईकडून त्याला टाकी लावून घ्यायची. आज त्याच गल्लीतून ‘कुकर, गॅस, मिक्सर रिपेअर’ अशी हाळी ऐकू येते.

आता यंत्राकडे वळू. तपासणी वरून खाली करावी. पहिला संशय भांड्यावर घ्यायचा, मोटरवर नव्हे. प्लग सॉकेटमधून काढा (नुसते बटण बंद करून भागत नाही) आणि भांड्यातले पाते लाकडी उलथन्याने फिरवून पाहा. ते अडत असेल तर पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो बुश गंजला किंवा जाम झाला. उलट पाते डगमगत असेल, भांड्याच्या तळातून पाणी ठिबकत असेल, चटणीत काळपट रेघ येत असेल, तर बुश झिजला आहे. ही गळती हलक्यात घेऊ नये. तेच पाणी दांड्यावरून खाली मोटरच्या बेअरिंगपर्यंत पोचते आणि भांड्याचे दुखणे मोटरला जडते. माझ्या मते मिक्सरचा सर्वांत मोठा शत्रू जादा भार नसून हे ठिबकणारे पाणी आहे. बुश आणि पाते बदलून मिळते. त्यासाठी नवे भांडे घेण्याची गरज नसते.

भांडे ठीक असेल तर कपलर पाहा. मोटरची फिरकी भांड्यातल्या पात्याला देणारे हे रबराचे किंवा प्लास्टिकचे दातेरी चाक. मोटर घोंघावते, पण पाते फिरत नाही किंवा खडखडत फिरते, म्हणजे कपलरचे दाते गेले. पाते अचानक अडले तर मोटरचा दांडा पिळवटू नये, दाते तुटावेत, अशीच ही योजना आहे. नवा कपलर बसवणे घरी जमते. गोची होते ती जुना काढताना. यंत्र चालताना कपलर घट्टच होत राहावा असे त्याचे आटे कापलेले असतात. त्यामुळे अनेक मॉडेलांत ते उलटे असतात आणि आपण सवयीने फिरवायला गेलो की सुटण्याऐवजी आणखी आवळतात. जोर लावण्याआधी दिशा तपासा.

कपलर हाताने सहज फिरतो, ओव्हरलोडचे बटण दाबले आहे, सॉकेटमध्ये वीज आहे, तरी मिक्सर हूं की चूं करत नाही? मग वायर किंवा कार्बन. वायर बहुधा प्लगच्या मानेपाशी किंवा मिक्सरमध्ये शिरते तिथे आतून तुटते. वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. कार्बन म्हणजे फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणाऱ्या दोन लहान कांड्या. त्यांच्यामागे स्प्रिंग असते. त्या घासत घासत आखूड होतात, मग ठिणग्या वाढतात, मोटर अडखळते आणि शेवटी थांबते. बारीक ठिणग्या नेहमीच्याच. आर्मेचरभोवती आगीचे कडे दिसू लागले की यंत्र लगेच बंद करावे. कार्बन बदलायचे तर दोन्ही एकदम, आणि त्याच मापाचे.

जुन्या धाटणीच्या मिक्सरात आणखी एक गंमत असते. एक नंबरवर विजेला फिल्ड कॉइलचे सगळे वेढे पार करावे लागतात, तीन नंबरवर त्यातले काही गाळले जातात. वेढे कमी तर चुंबकत्व कमी, आणि या जातीच्या मोटरचा वेग त्याने उलट वाढतो. म्हणून तीनवर चालणारा मिक्सर एकवर मुका राहिला, तर कार्बन आणि आर्मेचर निर्दोष सुटतात; दोष फिरवायच्या स्विचमध्ये किंवा कॉइलच्या उरलेल्या वेढ्यांत.

तळाची पाटीही एकदा वाचावी. तिथे बहुधा ‘३० मिनिटे’ असे लिहिलेले असते आणि किती चालवून किती विसावा द्यायचा तेही. पाच मिनिटे चालू, दोन मिनिटे बंद, असा साधारण हिशेब. फराळाच्या दिवसांत हा विसावा कुणी देत नाही, आणि दुकानात मिक्सरांची रांग लागते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचे पोर्टल सुरू केले. वस्तू दुरुस्त करण्याची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत हा त्यामागचा उद्देश. तो चांगलाच आहे. पण नेहमीच्या पेचकसाने उघडणारच नाहीत असे स्क्रू मारलेला मिक्सर हातात आला की कंपनीला आपण तो उघडायला नको आहोत, हे कळतेच.

काही कामे घरी करू नयेत. मिक्सरच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, करपलेला वास येऊन धूर निघाला असेल, आर्मेचरची तार काळी पडली असेल, तर झाकण लावून तो जाणत्या कारागिराकडे द्यावा. आर्मेचर गेले असेल तर बदलण्याचा खर्च आधी विचारा. नव्या मिक्सरच्या निम्म्याच्या वर जात असेल तर जुन्याचा मोह सोडा. आणि नवा घेताना वॉट आणि भांड्यांची संख्या मोजण्याआधी तुमच्याच भागातल्या दुरुस्तीच्या दुकानात विचारून घ्या, की या मॉडेलचे कपलर, बुश आणि कार्बन तुमच्याकडे मिळतात का. ‘नाही’ म्हणाला तर दुसरा बघा.