परीक्षेस नकार देण्याचा पालकांचा हक्क

आपल्या मुलाने शाळेतील एखाद्या परीक्षेस बसू नये, असे ठरविण्याचा अधिकार पालकांना असावा काय? परीक्षा म्हणजेच शिक्षण असे मानणाऱ्या आपल्या समाजाला हा प्रश्नच चमत्कारिक वाटेल. अमेरिकेत मात्र त्यावर मोठा वाद झाला. २०१५ साली न्यूयॉर्क राज्यात तिसरी ते आठवीच्या दोन लाखांहून अधिक मुलांना, म्हणजे पात्र विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक पंचमांश मुलांना, राज्याच्या परीक्षेपासून दूर ठेवण्यात आले.

या परीक्षांचा पाया २००२ मध्ये अध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या कायद्याने घातला. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन व गणितात चाचणी घ्यावी, असे त्याने बंधन घातले. हेतू चांगला होता. कृष्णवर्णीय, गरीब, अपंग अशा मुलांचे निकाल स्वतंत्रपणे जाहीर करावयाचे होते. सरासरीच्या आड शाळांना त्यांची उपेक्षा लपविता येऊ नये. पंचाण्णव टक्के उपस्थितीची अटही, कच्च्या मुलांना परीक्षेच्या दिवशी घरी बसविले जाऊ नये म्हणूनच होती.

परंतु मापन हळूहळू शिक्षेचे साधन झाले. २०१४ पर्यंत प्रत्येक मूल प्रवीण झाले पाहिजे, असे अशक्यप्राय उद्दिष्ट ठेवण्यात आले व मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाई होऊ लागली. साहजिकच इतिहास, चित्रकला, संगीत यांचे तास आक्रसले. अटलांटा शहरात उत्तरपत्रिकांतील फेरफारांच्या प्रकरणी २०१५ मध्ये अकरा शिक्षक व अधिकारी दोषी ठरले. त्याच वर्षी न्यूयॉर्कने शिक्षकांच्या मूल्यमापनात मुलांच्या गुणांचे वजन वाढविले. मुलाने सोडविलेल्या पेपरावर त्याच्या शिक्षकाची नोकरी तोलली जावी, हे पालकांना पटले नाही.

या नकाराला विरोध केवळ सरकारी नव्हता. ‘एनएएसीपी’सह बारा नागरी हक्क संघटनांनी २०१५ मध्ये परीक्षा टाळण्याच्या चळवळीविरुद्ध निवेदन काढले. आमची मुले मोजलीच गेली नाहीत, तर त्यांच्यावरील अन्याय सिद्ध कशाने करावयाचा, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. त्यांच्या शंकेला आधार होता. नकार देणाऱ्यांत उपनगरांतील सुस्थित कुटुंबे पुष्कळ होती; न्यूयॉर्क शहरात त्या वर्षी हे प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत राहिले.

कायद्याने मधला मार्ग धरला आहे. मुलाची शाळा निवडण्याचा पालकांचा अधिकार तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्येच मान्य केला. मात्र त्यातून प्रत्येक चाचणी नाकारण्याचा अधिकार आपोआप निघत नाही. कॅलिफोर्नियात पालकांनी लेखी विनंती केल्यास मुलाला राज्याच्या चाचणीतून सूट मिळते. २०१५ च्या केंद्रीय कायद्याने पंचाण्णव टक्क्यांची अट कायम ठेवली, पण सुटीचा प्रश्न राज्यांवर सोडला.

आमच्या मते हा हक्क असावा. ज्या चाचणीचा मुलाला स्वतःला फारसा उपयोग नाही, जिचा निकाल बहुधा वर्ष संपल्यावर हाती येतो, तिची सक्ती करण्यास राज्याने सबळ कारण दाखविले पाहिजे. मात्र गरिबांच्या मुलांची मोजदाद हे असे कारण आहे, हे नकार देणाऱ्यांनीही विसरू नये. त्यासाठी दरवर्षी प्रत्येक मुलाची परीक्षा हवीच असे नाही. १९६९ पासून चालत आलेली राष्ट्रीय पाहणी काही निवडक मुलांचीच चाचणी घेते, तीही ऐच्छिक असते व कोणाही मुलाचे गुण जाहीर करीत नाही. अशा पाहणीतून एकेका शाळेचे चित्र मिळत नाही, हे खरे. पण त्यासाठी १९९४ च्या कायद्याप्रमाणे प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिक टप्प्यांवर एकेकदा चाचणी घेता येईल.

न्यूयॉर्कने २०१९ मध्ये शिक्षकांच्या मूल्यमापनात राज्य परीक्षेचे गुण धरण्याची सक्ती काढून टाकली. पालकांनी नकार दिला नसता तर ती निघाली असती काय, याचा विचार परीक्षा घेणाऱ्यांनी अवश्य करावा.