किरखॉफ आणि मल्टिमीटर

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सर्किट सोडवताना ज्यांच्यावाचून पान हलत नाही, ते दोन नियम गुस्टाव्ह किरखॉफने १८४५ मध्ये मांडले. तेव्हा तो कोनिग्सबर्ग विद्यापीठात शिकत होता. वय अवघे २१!

सांध्यात जितका प्रवाह येतो तितकाच बाहेर पडतो आणि बंद वाटेवरच्या व्होल्टेजची बेरीज शून्य होते.

प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करावाच असा एक प्रयोग: ९ व्होल्टच्या बॅटरीला १० मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकसरीत जोडा. कागदावर प्रत्येकावर ४.५ व्होल्ट येतात. मल्टिमीटर मात्र ३ च्या आसपास दाखवतो. कारण बहुतेक डिजिटल मीटरचा स्वतःचा रोधही सुमारे १० मेगाओहम असतो. मीटरमधून जाणारा प्रवाह हिशेबात धरला, की किरखॉफचे गणित जुळते.